मस्कतहून आलेला मुलगा

तिरुच्चिरापल्ली,
९ जून २०१४

चि. चोक्कलिंगम यास आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात चार वेळा तू माझा फोन मध्येच ठेवलास. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत. लाइन आपोआप तुटली की माणसाने तोडली, हे मला खटक्यावरून कळतं. म्हणून हे पत्र. फाडायचं असलं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

तुझं मूल माझ्या घरी आहे. तीन आठवडे झाले. सहा वर्षांपूर्वी तू ज्याला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलंस आणि ज्याच्याबद्दल सगळ्या कोविलपट्टीला 'मुत्तुकुमार मस्कतला नोकरीला आहे' असं सांगितलंस, ते मूल. आता तिचं नाव पवळम आहे. ते मी ठेवलेलं नाही, पण मला आवडलं.

या सहा वर्षांत तिने अकरा घरं बदलली. सहा ठिकाणी घरमालकांनी शेजाऱ्यांचं कारण सांगितलं, चार ठिकाणी कारणही सांगितलं नाही, आणि एकाने रात्रीतून कुलूप बदललं. शेवटी आत्याचं घर म्हणून ती माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अत्तै, मी दोनच दिवस राहीन." मी म्हटलं, "आधी चप्पल काढ आणि आत ये. दिवस मी मोजते."

तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी आले. "मॅडम, कॉलनीत लहान मुलं आहेत." मी म्हटलं, "आहेत ना. त्यातलं तुमचं रोज माझ्या कंपाउंडवर लघवी करतं. आधी त्याला आवरा, मग माझ्या भाचीकडे बघू." त्यानंतर ते आले नाहीत.

आता मुद्द्याचं. तुमच्या गावात दर शुक्रवारी दुकानांवरून मागत फिरणाऱ्या तृतीयपंथी बायका आहेत, तिरुनंगै. तुम्ही त्यांना काय म्हणता ते मला माहीत आहे, पण मी आपल्या सरकारने दिलेला सभ्य शब्द वापरते. त्यांनी पवळमला निरोप पाठवला, की तुझी आई दोन महिने दारात दिसलेली नाही, मदुरैच्या दवाखान्यात नेलं होतं म्हणे. पेच्चीला काय झालंय? तू मला का कळवलं नाहीस?

मुलीचं मागणं एकच आहे. तिला आईला बघायचंय. घर नको, हिस्सा नको. एक दिवस, एक तास. कधी पाठवू ते उलट टपाली कळव. नाहीतर पुढच्या वेळी मी पोस्टकार्ड लिहीन. तुमचा पोस्टमन वाचतो, हे तूच मला सांगितलं होतंस.

तुझी अक्का,
तैयलनायकी


कोविलपट्टी,
१७ जून २०१४

अक्कास नमस्कार.

पत्र मिळालं. कृपा करून पोस्टकार्ड लिहू नकोस. माझं या गावात तीस वर्षांचं दुकान आहे.

पेच्ची ठीक आहे. साखर वाढली होती, अशक्तपणा आला, म्हणून मदुरैला नेलं. आता घरीच असते. काळजीचं काही नाही.

तू विचारतेस त्याबद्दल. तिच्यासमोर मी ते नाव काढत नाही. एकदा दिवाळीला कुणीतरी 'मुत्तु या वर्षीही आला नाही का' म्हणून विचारलं, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. आईच्या मनाला लागलेलं असतं. तिला अजून दुखवू नये.

अक्का, तू शिकलेली आहेस. मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत गेलीस, इंग्रजी बोलतेस, ऑफिसात पुरुषांना हुकूम सोडलेस. पण तू संसार केला नाहीस. एकुलता एक मुलगा बाजारात साडी नेसून टाळ्या वाजवतो आणि आपलीच गिऱ्हाइकं हसत येऊन सांगतात की तुमच्यासारखाच चेहरा दिसला, म्हणजे काय असतं ते तुला कसं कळणार? मी त्याला मारलं नाही. मस्कतला पाठवलं, एवढंच. लोकांनी ते मान्य केलं. आता ते मोडू नकोस.

तू त्याला जेवायला घालतेस, यात मी काही बोलत नाही.

तुझा धाकटा तंबी,
चोक्कलिंगम


तिरुच्चिरापल्ली,
२४ जून २०१४

चि. चोक्कलिंगम,

मी संसार केला नाही कारण अप्पांनी माझा साठवलेला पगार दोनदा तुझ्या दुकानात घातला. तेव्हा तुला ते कळलं होतं. असो. तुझ्या बाकीच्या पत्रापेक्षा ते वाक्य कमी लागलं.

'मारलं नाही', असं लिहितोस. तू लावलेल्या दाराच्या पलीकडे काय काय झालं त्यातला एकच दिवस सांगते, आणि तोही मी डोळ्यांनी पाहिलेला.

मागच्या मंगळवारी तिला ताप चढला. डेंग्यूची साथ आहे. सरकारी दवाखान्यात नेलं. कारकुनाने बायकांच्या वॉर्डची चिठ्ठी दिली. तिथल्या नर्सने तिला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "बायका ओरडतील." मग पुरुषांचा वॉर्ड. तिथे पलंगावर पडलेले, नाकात नळ्या घातलेले लोकही उठून बसले आणि शिट्ट्या मारायला लागले. मेलेले नव्हते एवढंच. एकाने नेहमीचीच शिवी दिली, "ए नऊ नंबर, माझ्याजवळ जागा आहे." अखेर तिला व्हरांड्यात बाकावर बसवलं आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली. सात तास.

मी कारकुनाला म्हटलं, "ताप तिच्या रक्तात आहे, तुमच्या वॉर्डच्या पाटीवर नाही." एप्रिलमध्ये दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलाय, की आपण बाई, पुरुष की तिसरे, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्याचं कात्रण माझ्या पर्समध्ये असतं. ते मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

मी त्या दिवशी जे बोलले ते शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं नव्हतं.

आणि ती? बाकावर बसल्या बसल्या मला सांगते, "अत्तै, हळू. तुझं ब्लडप्रेशर वाढेल." तिला याची सवय आहे, चोक्कलिंगम. मला तीच गोष्ट सहन होत नाही.

आता ती बरी आहे. एका शिंप्याकडून ब्लाउज आणून घरी त्यांना हुक लावते. दुकानात बसवायला तो तयार नाही, पण तिच्यासारखं काम कुणाचं नाही म्हणतो. शुक्रवारी केसांना तेल लावते. केस कमरेच्या खाली आलेत. पाच वर्षांपूर्वी बसस्टँडवर एका पोलिसाने गंमत म्हणून ते कापले होते, त्यानंतर एकदाही कात्री लागू दिलेली नाही. वेणी घालताना ती पेच्चीसारखीच मान तिरकी करते. ते बघून मला आत जावं लागतं.

पेच्चीने भिंतीकडे तोंड केलं, त्याचा अर्थ तू लावलास. तिला विचारलंस का?

अक्का


कोविलपट्टी,
१३ जुलै २०१४

अक्कास नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. साखर नाही, पोटाचा कॅन्सर आहे. मदुरैच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. घरी न्या म्हणाले. पंधरा दिवस म्हणाले, फार तर महिना. दुखू नये म्हणून औषध देतात, त्याने ती अर्धी झोपेत असते. कधी बोलते ते नीट बोलते, कधी नाही. नजरही कमी झाली आहे.

तिच्या माहेरचे सगळे येऊन राहिले आहेत. तिचे भाऊ रोज विचारतात, "मुत्तुला कळवलंत ना? मस्कतहून विमान किती वाजता आहे?" मी काय सांगू? कोळ्ळी कोण देणार, असंही विचारायला लागले आहेत. पोटचा मुलगा असताना चितेला पुतण्याने अग्नी दिला, तर या गावात मी आयुष्यभर उत्तरं देत राहीन. आणि पेच्ची सारखी दाराकडे बघते. तिला मुलगा हवा आहे, अक्का. कुठल्या आईला शेवटी मुलगा नको असतो? त्यात विचारायचं काय? अठ्ठावीस वर्षं मी तिचा नवरा आहे.

त्याला पाठव. पण मुत्तुकुमार म्हणून. केस बारीक कापलेले हवेत. पांढरं वेष्टी आणि शर्ट. कानात, नाकात, हातात काही नको. भुवयांचं काय करता येईल ते बघ. बोलायचं कमी. मस्कतहून आला असंच सगळ्यांना सांगायचं. सोळाव्या दिवसापर्यंत राहावं लागेल, विधी त्याच्या हातून व्हायचेत. नंतर त्याने परत जावं, कुठेही, कसंही. मी पुन्हा काही म्हणणार नाही.

तू मात्र येऊ नकोस. तुला गप्प बसता येत नाही.

हे जमत नसेल तर कुणीच येऊ नका. हात जोडतो.

चोक्कलिंगम


तिरुच्चिरापल्ली,
१७ जुलै २०१४

चोक्कलिंगम,

तुला लिहिलेली दोन पत्रं मी फाडली. त्यांतली भाषा पोस्टात टाकण्यासारखी नव्हती.

तुझं पत्र मी एक रात्र उशीखाली लपवलं. सकाळी ते तिच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, ती रडेल, मग चिडेल, मग आपण दोघी मिळून तुला शिव्या देऊ. तिने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "अत्तै, तुझी शिवणाची कात्री कुठे आहे?"

मी नाही म्हटलं. हवं ते बोलले. म्हटलं, "साडीत जा, मी बरोबर येते, बघू कोण अडवतं." ती म्हणाली, "अप्पा अडवतील. दारात तमाशा होईल, आणि आत आईचा जीव जाईल. केस काय, येतील परत."

संध्याकाळी तिची नागम्मै आली. ही तिची मानलेली आई. सहा वर्षांपूर्वी तुम्ही टाकल्यावर हिनेच तिला उचललं, हळदीच्या पाण्याने न्हाऊ घातलं, लेक केलं. साठीची बाई आहे, आवाज रिक्षाच्या भोंग्यासारखा. तिने कात्री बघितली आणि मट्कन खाली बसली. त्यांच्या घरांत केस कापणं ही सगळ्यात मोठी शिक्षा असते. एखादीने फार मोठा गुन्हा केला तरच ती देतात. ती म्हणाली, "हिने काय केलंय गं, अक्का? आईला बघायचंय म्हणाली, एवढंच ना?"

कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकानात घ्यायला नकार दिला. 'बाकीची गिऱ्हाइकं उठून जातील' म्हणाला. म्हणजे बाई म्हणून कुणी ठेवत नाही, आणि पुरुष व्हायला निघाली तर तेही कुणी करून देत नाही. मग मीच कापले, अंगणात स्टुलावर बसवून. तिने डोळे मिटले नाहीत. मी मिटले, त्यामुळे मागे थोडे वाकडे झालेत.

उद्या सकाळच्या बसने ती निघते आहे. मी येत नाही, कारण तिनेच मला शपथ घातली. तुझ्यासाठी थांबले आहे असं समजू नकोस.

एकच सांगते. तिने तुझी प्रत्येक अट पाळली आहे. आता तिला आईजवळ बसू दे.

तैयलनायकी


कोविलपट्टी,
२४ जुलै २०१४

अत्तैस,

मी पोचले. मामाच्या मुलीला पाकीट आणून द्यायला सांगितलं, तिला म्हटलं ऑफिसचं पत्र आहे.

अप्पा बसस्टँडवर आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मागचे केस नीट करून घे." मग रिक्षात बसल्यावर माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. घरी पोचेपर्यंत धरून बसले होते.

सगळे मस्कतबद्दल विचारतात. ऊन किती असतं, भात मिळतो का, पगार किती. मी उत्तरं देते. आवाज जाड ठेवून ठेवून घसा बसलाय, ते बरंच झालं. मोठे मामा म्हणाले, "तिकडे जाऊन बारीक झालास. लग्न करून टाकू." सगळे हसले. मीही हसले.

आता आईचं सांगते. तुला सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येणार नाही.

अप्पांनी मला तिच्या खाटेजवळ नेलं आणि मोठ्याने म्हणाले, "पेच्ची, बघ, मुत्तु आला. मस्कतहून आला." तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग मान हलवली, जशी दुकानातल्या नव्या गड्याला हलवतात. मला वाटलं, औषधाने असेल.

मी रोज तिच्याजवळ बसते. पेज भरवते, पाठ पुसते. ती "नको बाळा, राहू दे" म्हणते. परक्याशी बोलावं तसं. परवा दुपारी सगळे जेवायला बसले होते. तिने मला जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, "बाळा, तू कुणाचा रे?"

मी म्हटलं, "तुझाच."

ती म्हणाली, "भिऊ नकोस. मी यांना सांगणार नाही. पाहुण्यांसमोर मुलगा उभा करायला यांनी तुला आणलंय, मला कळलं. चांगला मुलगा आहेस. हात मऊ आहेत तुझे." मग म्हणाली, "माझी मुलगी येणार आहे. पवळम नाव आहे तिचं. कमरेपर्यंत केस आहेत. ती आली की मला उठव हां. मी झोपलेली असेन."

अत्तै, तिला माझं नाव माहीत होतं. दर शुक्रवारी आमच्या बायका दारात यायच्या, तेव्हा अप्पा दुकानात असायचे. आई त्यांना तांदूळ घालायची आणि माझं विचारायची. सहा वर्षं. कुठे राहते, जेवते का, केस किती वाढले. त्या मला फक्त 'आई बरी आहे' एवढंच सांगायच्या. आईनेच बजावलं होतं, म्हणे, की मी विचारते ते तिला कळू देऊ नका, धावत येईल आणि बापाचा मार खाईल. हे मला काल कळलं. मी विहिरीपाशी उभी होते, तेव्हा मागच्या गल्लीतून त्यांच्यातली एक गेली. तिने आधी मला ओळखलं नाही. ओळखल्यावर तिने पदर तोंडात घातला.

मी आईला सांगितलं, आई मीच ती. ती हसली. मी लहानपणी तिची हिरवी साडी नेसून तांदळाच्या कणगीमागे लपायचे, तिने एकदा पकडलं आणि मारायच्या ऐवजी निऱ्या नीट करून दिल्या होत्या. ते आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. ते सांगितलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आखूड केस हाताला लागले तसा हात काढून घेतला. म्हणाली, "यांनी तुला सगळं शिकवून पाठवलंय."

बहुतेक तिने ते कधीतरी झोपेत बडबडून अप्पांना सांगितलं असेल, असं तिला वाटतंय.

एक काम कर. माझी गुलबक्षी साडी आणि कापलेली वेणी पाठव. पदराखालून गंगावनासारखी लावता येईल. अप्पा दुकानात गेले की दहा मिनिटं मला पुरतील. मामा लोक बघतील तर बघू देत. आता मला कशाचीच भीती नाही, फक्त वेळेची आहे. लवकर पाठव, अत्तै.

पवळम


तिरुच्चिरापल्ली,
१४ ऑगस्ट २०१४

चोक्कलिंगम,

तिचं पत्र मला सत्तावीस तारखेला, रविवारी, हातात मिळालं. शनिवारी टपाल उशिरा आलं म्हणून पोस्टमनने शेजारी टाकलं होतं, आणि शेजारी माझ्याकडे हल्ली यायला घाबरतात. तासाभरात मी बसमध्ये होते. तुझ्या दारात पोचले तेव्हा ओटा धुतलेला होता. बाकीचं तू बघितलंस. मी आत आले, भिंतीशी बसले, आणि तुझ्या इच्छेप्रमाणे गप्प राहिले. साठ वर्षांत पहिल्यांदा. माझी पिशवी मी उघडलीही नाही.

तिला मी कोपऱ्यात बघितलं. डोक्याचा गोटा, मिशा नसताना मिशांवरूनही वस्तरा फिरवलेला, अंगावर ओलं वेष्टी. तुझे मेहुणे मला सांगत होते, "पोराने खांद्यावर मडकं घेऊन तीन फेरे घातले, मागे वळून न बघता अग्नी दिला. पाय जराही डगमगले नाहीत. मुलगा असावा तर असा." तू मान खाली घालून ऐकत होतास. तुला बरं वाटत होतं की नाही, ते मला ठरवता आलं नाही.

सोळावा दिवस उरकून ती परवा परत आली. जेवते, ब्लाउजांना हुक लावते, झोपते. नागम्मै रोज येऊन डोक्याला तेल लावते. कुणी विचारलं तर म्हणते, "माझी आई गेली."

मी तुला शिव्या द्यायला बसले होते. कागद समोर घेतला आणि स्टुलावर बसलेली तीच डोळ्यांसमोर आली. कात्री माझ्या हातात होती, चोक्कलिंगम. तू लांबून हुकूम सोडलास आणि आयुष्यभर कुणाचा हुकूम न ऐकलेल्या मी तो पाळला. म्हणून तुला जे म्हणायचं ते मला आधी स्वतःला म्हणावं लागतं, आणि त्यातच रात्र जाते.

काल रात्री तिने पहिल्यांदा विचारलं. मला नाही, तुला. मी फक्त लिहिते आहे. ती म्हणाली, शनिवारी संध्याकाळी आई तिचा हात धरून होती आणि 'पवळम आली का' म्हणून विचारत होती, तेव्हा तू दारात उभा होतास. आईने तिचं ऐकलं नसतं, पण तुझं ऐकलं असतं. 'हीच ती' एवढं जर तू म्हणाला असतास, तर आईने मानलं असतं, कारण तू ते कधीच म्हणणार नाहीस हे तिला माहीत होतं. त्यानंतर तू मुलीला खोलीबाहेर पाठवलंस. तिला एवढंच हवंय : ती बाहेर गेल्यावर तू आईला सांगितलंस का?

खरं असेल ते लिही. या वेळी तरी.

अक्का


कोविलपट्टी,
२९ ऑगस्ट २०१४

अक्कास नमस्कार.

पंधरा दिवस तुझं पत्र दुकानाच्या गल्ल्यात ठेवलं होतं. खोटं लिहायचं ठरवलं होतं. 'सांगितलं' असं लिहिलं तर मुलीला बरं वाटेल, असं मनात होतं. एक कागद तसा लिहिलाही. पण तिने ओळखलं असतं.

मी सांगितलं नाही.

मी दारात होतो. पेच्चीने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून विचारलं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की ती सहा वर्षं दाराकडे का बघायची. माझ्या मागे तिचे दोघे भाऊ उभे होते, एकाच्या हातात मस्कतचा पत्ता लिहून घ्यायला वही होती. मी बोलायला तोंड उघडलं होतं, अक्का. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. मग माझ्या तोंडून निघालं, "कुणीतरी हिच्यासाठी कॉफी आणा. मुत्तु, तू जा, घेऊन ये."

ती कॉफी आणायला गेली. पेच्चीने माझा हात धरला. हातात जोर नव्हता. म्हणाली, "तुम्ही रागावू नका. ती येऊन गेली की मी काही मागणार नाही."

मी म्हटलं, "बसमध्ये बसली आहे. पोचेल सकाळपर्यंत."

तिला ते पटलं. हसली. म्हणाली, "दिवा चालू ठेवा, अंधारात तिला घर सापडणार नाही." पहाटे चारला गेली.

मी वळलो तेव्हा मुलगी कॉफीचा पेला घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने ते ऐकलं, की नुकतीच आली होती, ते मला तेव्हा कळलं नाही, आणि नंतरचे सोळा दिवस तिला विचारायचं धाडस झालं नाही. तू विचार. ऐकलं नसेल, तर हे पत्र तिला दाखवू नकोस.

चोक्कलिंगम